सात हाली, सहा कलदार

निजामाच्या मुलखात धंदा करायला आलेल्या माणसाला पहिला पाढा पाठ करावा लागे तो सात-सहाचा. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. ढोबळ हिशेब असा की सात हालीला सहा कलदार. काटेकोर बोलायचे तर शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. परभणीकडचा शेतकरी कापूस विकायचा हालीत, सारा भरायचा हालीत आणि मुलीच्या लग्नाचे लुगडे घ्यायचा तेही हालीतच. पण त्याचा कापूस जायचा मुंबईला, आणि मुंबईचा व्यवहार कलदाराचा. लुगड्याचे बीजकही बहुधा कलदारातच आलेले. या दोन नाण्यांच्या मधे जो माणूस गादी टाकून बसला होता तो बहुतेक वेळा त्या गावचा नव्हता.

मारवाड, नागौर, बिकानेर या भागांतून आलेले माहेश्वरी आणि ओसवाल, कच्छ-काठेवाडातून आलेले बोहरी आणि मेमन, तेलंगणातून गोदावरीच्या काठाकाठाने वर सरकलेले कोमटी अशी सगळी गर्दी या मधल्या जागेत होती. त्यातला मारवाडी संख्येने आणि डोळ्यांत भरण्यानेही पुढे. आपल्या कथा-नाटकांनी त्याला एकाच साच्यात ओतून ठेवले आहे: पगडी, तराजू आणि खोटी वही. साचा अगदीच खोटा नाही, त्याचा हिशेब पुढे येईलच. पण हा माणूस हजार-बाराशे किलोमीटरवरून येऊन सेलू, मानवत, हिंगोली अशाच गावांत का रुजला, याचे उत्तर त्या साच्यात सापडत नाही. माझ्या मते त्याचा खरा माल कापूस नव्हता, कापड नव्हते, धान्यही नव्हते. सीमा हाच त्याचा माल होता. जिथे दोन राज्ये, दोन नाणी, दोन कायदे एकमेकांना भिडत तिथे त्याला नफा दिसे.

आजच्या परभणी जिल्ह्याच्या नकाशात राज्याची सीमा कुठेच दिसत नाही, म्हणून हे थोडे उलगडून सांगायला हवे. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा परभणीचाच भाग होता, आणि हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा आहे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगा दोन राज्यकारभारांमधली रेघ झाली. १९०२ साली वऱ्हाडचा कायमचा पट्टाच झाला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. रेघेच्या पलीकडे वाशीम, पुसद, उमरखेड. तिथे कलदार आणि इंग्रजी कोर्ट. अलीकडे हिंगोली, जिंतूर. इकडे हाली आणि निजामाची अदालत. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ती फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तोवर छावणी म्हणजे महिन्याच्या महिन्याला रोख पगार घेणारे गिऱ्हाईक, आणि तेही आडबाजूच्या गावात. दुकानदाराला आणखी काय हवे?

रेघ ओलांडायची तर जकात. निजामाच्या जकात खात्याला लोक करोडगिरी म्हणत. १८०२ साली इंग्रजांशी झालेल्या व्यापारी कराराने जकातीचा दर मालाच्या किमतीवर शेकडा पाच ठरला होता. बैलगाडी नाक्यावर थांबायची, बीजक पाहिले जायचे, मालाची किंमत धरली जायची. इथेच खरी मेख होती. दर ठरलेला, पण किंमत धरायची नाकेदाराने. नाकेदार आपल्याला ओळखतो की नाही, आपले बीजक उर्दूत लिहून आणले आहे की नाही, गाडी दिवेलागणीला पोचते की भर दुपारी, यावर पाचाचे चार होत किंवा सात. नवख्या गाडीवानाला हे कुठून कळणार? शेटजीला कळे. हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला आजही कन्हेरगाव नाका लागतो. नाक्याचे काम कधीच संपले, गावाच्या नावात तो तेवढा चिकटून राहिला आहे.

या भागातल्या उपऱ्या व्यापाऱ्यांत पहिले मोठे नाव मात्र मारवाड्याचे नाही. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू. १८२५-२६ मध्ये त्यांनी वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस धाडला: ५०० बैलांच्या पाठीवर १ लाख २० हजार रत्तल. रेल्वे तर सोडाच, धड सडकही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पुढे ही पेढी निजाम सरकारची सावकार झाली, तिच्याकडे महसुलाचे मुलूख गहाण पडले, औरंगाबादला तिच्या नावाने ‘पेस्तनशाही’ रुपयाही पडला. आणि १८४५ मध्ये दरबारातले वारे फिरल्यावर सगळे हातचे गेले. येणे राहिले ते कागदावर.

मला नेहमी वाटते की पुढच्या पिढ्यांतल्या छोट्या व्यापाऱ्यांनी यातून काही तरी उचलले असावे. दरबाराला कर्ज द्यायचे नाही, तालुक्याला द्यायचे. नवाबाचे सावकार होण्यापेक्षा चाळीस कुणब्यांचे सावकार व्हावे; त्यातले दहा बुडाले तरी तीस उरतात.

मग आगगाडी आली. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली, ३९१ मैलांची. परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी स्टेशने एका माळेत आली. परभणी तेव्हा दहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. पुढे १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा फुटला. गाडी मीटर गेजची आणि मनमाडला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ब्रॉडगेज, त्यामुळे प्रत्येक गाठ मनमाडला उतरवून पुन्हा चढवावी लागे. ही अडचण १९९० च्या दशकापर्यंत टिकली.

ही रेल्वे झाली त्याच वर्षांत दुष्काळ होता, आणि तो इकडेही होता, मारवाडातही. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९००. राजस्थानात त्याला अजून ‘छपनिया’ म्हणतात. तिकडे ढोरे मेली, गावे ओस पडली आणि नेमका त्याच वेळी दक्षिणेत एक नवा लोहमार्ग खुला झाला. मारवाड्यांची पहिली घरे इथे त्याआधीच आली होती, कुणी पायी, कुणी उंटावरून. पण छपनियानंतर ज्याला घर सोडणे भाग पडले त्याला मनमाडला गाडी बदलून थेट मानवत रोडला उतरता येऊ लागले.

हेच चित्र त्याच सुमारास समुद्रापलीकडेही दिसते. कच्छमधल्या केरा गावचा अल्लिदिना विश्राम पोरवयात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली, आणि रूळ जसजसे पुढे सरकले तसतशी त्याची दुकाने सरकत गेली. मीठ, कापड, मणी द्यायचे. हस्तिदंत, कातडी, कापूस घ्यायचा. तिथे आणि इथे एक फरक आहे. अल्लिदिनाला राज्यकर्ते आणि गिऱ्हाईक दोघेही परके. सेलूच्या मारवाड्याला गिऱ्हाईक निदान एकाच पंढरपूर-तिरुपतीच्या देशातले होते, तेवढ्याने पुढे फार फरक पडला.

हा मारवाडी यायचा कसा? एकटा, बहुधा मिसरूड फुटायच्या आधी. मारवाडीत आपले गाव म्हणजे ‘देस’ आणि धंद्याची परमुलखातली जागा म्हणजे ‘दिसावर’. दिसावरात आधी आलेला कोणी मामा, काका, मावसा असे. त्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून राहायचे. झाडलोट, पाणी भरणे, तागडी धरणे, मग वसुलीला खेड्यात जाणे, मग मुनिमाच्या शेजारी बसून कीर्द लिहिणे. पगार फारसा हातात पडत नसे, शेटजीच्या वहीत जमा राही. जमा पुरेशी झाली की तोच शेटजी थोडा माल उधार देऊन त्याला पुढच्या गावात दुकान टाकून देई. यात उपकार होता तसा हिशेबही: पुढच्या गावात आपलाच माणूस बसला की तिथला कापूस आपल्याच आडतीला येणार. सेलूहून जिंतूर, मानवतहून पाथरी, गंगाखेडहून सोनपेठ असे हे जाळे पसरत जाते. बँकेचे कर्ज नाही, करारपत्र नाही. बुडवले तर मात्र देसपर्यंत बोभाटा, आणि त्या घराला सोयरीक मिळणे मुश्कील. एवढी जामीन पुरे होती.

त्याच्या गादीवर एक नजर टाकू. १९०१ची दिवाळी आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या आल्या आहेत, लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, घड्यांच्या खुणांनी स्तंभ पाडलेल्या. वहीच्या माथ्यावर संवत १९५८. पण गिऱ्हाईक कुणबी आहे, त्याची मिती शके १८२३ची. अदालतीत दावा लावायचा तर तारीख फसली १३११ची, कारण संस्थानाचे सरकारी वर्ष फसली. ते ऑक्टोबरात ‘आझूर’ महिन्याने उघडायचे आणि दै, बहमन, इस्फंदार करत पुढे जायचे. गावातल्या मुसलमान जमीनदाराशी बोलणे हिजरी १३१९मध्ये. आणि मुंबईच्या आडत्याला लिहायचे पत्र १९०१चे. पाच वर्षे एकाच गादीवर. मुदती हुंडीची मुदत कोणत्या पंचांगाने मोजायची, यात चार दिवस इकडेतिकडे झाले तरी व्याज हलते.

लिपीचेही तसेच. त्याची स्वतःची वही मुडिया लिपीत, जिच्यात काना-मात्रा बहुधा गाळलेला. ‘काकाजी अजमेर गया’ असे लिहून पाठवले आणि घरच्यांनी ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून रडारड केली, हा विनोद मारवाडी लोक स्वतःच सांगतात. गावचा कुलकर्णी लिहायचा मोडीत. अदालतीचा कारभार १८८० च्या दशकापासून उर्दूत. कुणब्याला यातले काहीच वाचता येत नसे. तीन लिप्यांच्या मधे उभ्या असलेल्या निरक्षर माणसाला अंगठा उठवण्यापलीकडे काय करता येणार होते?

आता दसऱ्यानंतरचा मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार. वेचणी झालेली आहे, गाड्या भरून आल्या आहेत. हा कापूस गावरानी जातीचा. या भागाचा गावरानी मुंबईत वेगळा ओळखला जाई. गाडीवर दोन-तीन व्यापारी चढतात, मूठभर कापूस ओढून तंतू बघतात, सरकी दाताखाली फोडून ओल बघतात. मग भाव. भाव मोठ्याने बोलायचा नाही. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटे दाबतात. याला हत्ता म्हणत. गाडीचा मालक शेजारी उभा, त्याला दिसते ते फक्त हलणारे उपरणे.

“शेटजी, कितीला दिला?”

“पाटील, बसा तर. पाणी घ्या. तुमचं वाईट करीन का मी?”

तोलाई झाल्यावर हिसाबपट्टी येते. किमतीतून आडत, दलाली, हमाली, तोलाई, बारदान, ओल आणि काडीकचऱ्यापोटी कडता, वर गोशाळेसाठी धर्मादाय. धर्म शेटजीच्या नावाने, पैसा पाटलाचा. शेवटी गेल्या पावसाळ्यातले बी आणि ज्वारीची सवाई-दिढी वळती करायची. म्हणजे पेरणीला पायलीभर नेले असेल तर सव्वा किंवा दीड पायली. पाटील गावी परततो तो तेल, मीठ, मिरची आणि थोडे रोख घेऊन. चोरी म्हणावी असे यातले एकही कलम सुटे काढून दाखवता येत नाही. सगळी मिळून मात्र चांगला लचका तुटतो.

पण शेटजीचा खरा नफा तागडीवर होताच असे नाही. हंगामात मुंबईचे खरेदीदार कलदार घेऊन उतरत आणि शेतकऱ्याला द्यायला सगळ्यांना एकदम हाली लागे. हालीला मागणी आली की शंभर कलदारांना मिळणारे हाली कमी होत. ज्याने पावसाळ्यात, मोंढा थंड असताना, स्वस्तात हाली गोळा करून ठेवले त्याला कापसाला हात न लावता बट्ट्यावर, म्हणजे नाण्यांच्या अदलाबदलीवर, पैसे सुटत. हजार कलदारांवर शेकडा दोनाचा फरक म्हणजे वीस रुपये, आणि हंगामात असे कितीतरी हजार फिरत. तशीच बातमी. मुंबईचा भाव स्टेशनच्या तारेने येई, आणि ती तार ज्याच्या हातात आधी पडे तो दुपारपर्यंत राजा.

सावकारीचे काय? इंग्रजी मुलखात १२ मे १८७५ रोजी सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खतपत्रे जाळली. पुणे-नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापूस १८६५ नंतर कोसळला होता, साऱ्याची नवी आकारणी डोक्यावर बसली होती आणि रोखे दर तीन वर्षांनी बदलायला लावणारा कायदा होता. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. मराठवाड्यात त्या तोडीचा कायदा व्हायला साठ वर्षे लागली. हैदराबादचा सावकारी कायदा फसली १३४९चा, म्हणजे १९३९-४०चा. मधल्या काळात जमिनी सरकत राहिल्या आणि व्यापारी हळूहळू जमीनदारही झाला. त्याच्यापेक्षा धाक होता तो रोहिल्याचा. रोहिला आणि अरब सावकार दाराशी ठाण मांडून, प्रसंगी हत्यार दाखवून वसुली करत. पहिल्या सालारजंगाने त्यांना आवर घातला तरी खेड्यात त्यांची दहशत टिकून होती. शेटजी कागदाने मारायचा, रोहिला हाताने. कुणब्याने दोघांतून शेटजीला पसंती दिली तर त्यावरून शेटजी दयाळू ठरत नाही.

बाजार सुधारायला १९३० उजाडावे लागले. हैदराबादच्या शेतमाल बाजार कायद्याने नियंत्रित मोंढे आले, उघड लिलाव आला, हत्ता हळूहळू मोडला. सुधारणा कागदावर चटकन झाली, उपरणी जरा सावकाश गेली.

बायका-मुले सहसा नंतर आली, कधी एक पिढी उलटल्यावर. तोवर लग्न देसला, बाळंतपण देसला, आणि धनी वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर घरी. एकदा कुटुंब आले की मारवाडी गल्ली झाली, तिथे बालाजीचे मंदिर आले, चैत्रात गणगौर बसू लागली आणि बाजरीच्या सोगऱ्याची जागा ज्वारीच्या भाकरीने घेतली. पुढच्या पिढीची मुले मराठी शाळेत गेली. घरात आईशी मारवाडी, दुकानात परभणीची ठसठशीत मराठी, तहसिलीत उर्दू.

१९३७ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात, आणि रेल्वेवरचे व्यापारी गाव. पुढच्या दहा वर्षांत राजकारण या मोंढ्यांत पुरते शिरले. १९४७-४८ मध्ये निजाम भारतात यायला तयार नव्हता, त्याच्या पाठीराख्या रझाकारांचा जोर होता आणि भारताने नाकेबंदी केली होती. ज्या रेघेवर इतकी वर्षे पैसा मिळाला तीच आता जीव वाचवण्याच्या कामी आली. अनेक घरांनी बायका-मुलांना पैनगंगेपलीकडे वाशीम, अकोला, पुसदकडे हलवले, कारण तिकडे सोयरे होते. शेवटी भारतीय सैन्य संस्थानात शिरले; ही ‘पोलिस कारवाई’ १७ सप्टेंबर १९४८ ला संपली.

त्यानंतर सीमेचा एकेक धागा निघत गेला. १९५० च्या दशकात हाली गेला. करोडगिरीचे नाके उठले. फसली तारखा सरकारी दप्तरात पडून राहिल्या. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. बट्टा, जकात, तीन लिप्या, पाच पंचांगे हे भांडवल एका पिढीत संपले. उरला तो कापूस, आणि तोही १९७२ मध्ये गेला. त्या वर्षी राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि खासगी व्यापाऱ्याला महाराष्ट्रात कापूस विकत घेता येईना. जिनिंगचे मालक भाड्यावर आले. गंमत अशी की सरकारने व्यापार बंद केल्याबरोबर सीमेला पुन्हा भाव आला: पणन महासंघाचा चुकारा उशिरा मिळतो म्हटल्यावर नांदेड-यवतमाळकडचा कापूस रात्रीतून आदिलाबादेत आणि वऱ्हाडातला मध्य प्रदेशात जाऊ लागला. हजार पोलिसांनाही जे थोपवता आले नाही ते पुढे योजनाच गुंडाळल्यावर आपोआप थांबले.

परभणीतल्या जुन्या पेढ्यांनी दरम्यान दुसरे दार शोधले होते. त्याच १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले, संकरित बियाणे आणि खते आली, आणि आडत्यांच्या घरांतून कृषी सेवा केंद्रे निघाली. आजोबा बी सवाईने द्यायचे, नातू बियाणांची पिशवी उधारीवर देतो. सोयाबीन निघाल्यावर वळती. जमिनी बऱ्याच जणांनी विकल्या, पोरे पुण्याला गेली, काहींनी हेच गाव धरून ठेवले.

नवे लोक येतच आहेत. फरशी आणि संगमरवर बसवणारे राजस्थानी कारागीर, मिठाईच्या दुकानातले बिकानेरचे भट्टीवाले, बिहार-उत्तर प्रदेशचे पीओपीवाले आणि रंगारी. २०१७ नंतर राज्यांच्या जकातीही जीएसटीत विरल्या, त्यामुळे यांना कोणतीच रेघ विकायला मिळत नाही; हातातली कला तेवढी विकायची. तेही आधी एकटे येतात, मग भाच्याला बोलावतात.

कापसाच्या हंगामात आता सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) केंद्रे असतात, खासगी जिनिंगही असतात. गाडी घरून निघण्याआधीच चार मोंढ्यांचे भाव शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलेले असतात. तार आधी कोणाला मिळाली हा प्रश्न उरलेला नाही. म्हणून तो भाव विचारत बसत नाही, गाडी काट्यावर चढवतानाच विचारतो, “शेटजी, ते असू द्या, कडता किती धरता ते आधी सांगा.”